साडी नेसून विमानातून उडी मारता येते, मग पॅराशूटच्या बॅगेला स्वतः एक टाका का घालता येत नाही?

फेब्रुवारी २०१८. थायलंडमधल्या पट्टायाच्या आकाशातून पुण्याच्या शीतल महाजन यांनी सुमारे १३ हजार फुटांवरून उडी मारली. अंगात नेहमीचा जंपसूट नव्हता, नऊवारी साडी होती. सव्वाआठ मीटरच्या आसपासची. त्यांचे फोटो आणि व्हिडिओ घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले.

फोटो नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. साडी आत आहे आणि पॅराशूट वर. आधी साडी, त्यावर हार्नेस, मग हेल्मेट, गॉगल, बूट आणि बाकीचं सामान. पॅराशूटचं सामान मात्र नेहमीचंच होतं. नेसणं सामानाप्रमाणे जुळवून घेतलं.

स्कायडायव्हिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा नियम याच क्रमात दडलेला आहे. काय घालायचं, कसं घालायचं, यात उडी मारणाऱ्याला बरीच मोकळीक असते. पण पाठीवरच्या ठरावीक वस्तूंना स्वतः मालकानेही सुई लावायची नसते. पैसे तुमचे, जीव तुमचा, तरीही नाही.

असं का? आणि बदल करायचाच असेल तर तो कोण करू शकतं?

पाठीवर एक नाही, दोन पॅराशूट असतात

नियम कळायला आधी सामान कळायला हवं. स्कायडायव्हर पाठीवर जी बॅग घेऊन उडी मारतो तिला रिग म्हणतात. तिचे मोटामोटी चार भाग असतात.

पहिला हार्नेस, म्हणजे खांद्यावरून आणि मांड्यांभोवती जाणारे जाड पट्टे. दुसरा कंटेनर, म्हणजे पाठीवरची बॅग. तिला दोन कप्पे असतात. तिसरा मेन, म्हणजे रोज उघडायचं मुख्य पॅराशूट, जे खालच्या कप्प्यात असतं. चौथा रिझर्व्ह, म्हणजे मेनने दगा दिला तर उघडायचं राखीव पॅराशूट. ते वरच्या कप्प्यात, मानेच्या खाली असतं.

पोटावर आडवं पडून खाली येणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. ठरलेल्या उंचीला तो एक छोटं पायलट शूट हवेत सोडतो. वारा ते ओढतो, त्याच्या पट्टीला जोडलेली पिन निघते, कप्पा उघडतो, छत्री बाहेर येते.

छत्री नीट उघडली नाही, पीळ पडून गरगर फिरायला लागली, तर उजव्या बाजूचं हँडल ओढून मेन सोडून द्यायचं आणि डाव्या बाजूचं हँडल ओढून रिझर्व्ह उघडायचं. बहुतेक रिगवर अशीच मांडणी असते.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गोंधळला असेल तर तिसरा इलाज म्हणजे एएडी. हे एक छोटं इलेक्ट्रॉनिक यंत्र असतं. जर्मनीतल्या एअरटेक कंपनीचं सायप्रस हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव, १९९१ मध्ये आलेलं. अनुभवी उडीवाल्यांसाठीच्या सायप्रसला सुमारे ७५० फुटांवरही माणूस पूर्ण वेगात खाली येतोय असं दिसलं, तर ते रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारी दोरी आतल्या आत कापून टाकतं.

७५० फूट म्हणजे त्या वेगाने जमिनीपासून चारेक सेकंद. या चार सेकंदांत दुसरी संधी नसते. पुढचे सगळे नियम हीच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत.

सर्टिफिकेट नेमकं कशाला मिळतं?

जगभरात वापरात असलेल्या बऱ्याच रिग अमेरिकेत बनतात किंवा अमेरिकी प्रमाणपत्र घेऊन विकल्या जातात. तिथल्या हवाई वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, व्यक्तींनी वापरायच्या पॅराशूटसाठी एक मानक ठरवलं आहे. त्याचं नाव टीएसओ सी-२३. युरोपचंही याच धर्तीवरचं मानक आहे.

कंपनी आपलं हार्नेस, कंटेनर किंवा रिझर्व्ह या मानकाप्रमाणे तपासून घेते. ठरलेल्या वजनाला आणि ठरलेल्या वेगाला पट्टे तुटतात का, रिझर्व्ह किती वेळात उघडतं, दोऱ्यांना पीळ असताना उघडतं का, हँडल ओढायला किती जोर लागतो, अशा चाचण्या होतात. उदाहरणार्थ, रिझर्व्हचं हँडल २२ पाउंडांपेक्षा, म्हणजे साधारण १० किलोपेक्षा जास्त जोर लागेल इतकं घट्ट असून चालत नाही. घाबरलेल्या, दमलेल्या किंवा एकच हात चालणाऱ्या माणसालाही ते ओढता आलं पाहिजे.

आता मुद्दा येतो. हे प्रमाणपत्र कापडाला किंवा कंपनीच्या नावाला मिळत नाही. ते तपासलेल्या रचनेला मिळतं. कोणता धागा, किती टाके, पट्टी किती रुंद, खिसा कुठे, पिन किती लांब, या सगळ्यासकट जी वस्तू चाचणीत पास झाली, तिलाच ते लागू असतं. त्यातली एक गोष्ट बदलली की समोर राहते ती न तपासलेली वस्तू. ती कदाचित आधीपेक्षा चांगलीही असेल, पण तसा पुरावा कुणाकडे नसतो.

म्हणूनच "मी काही कमकुवत केलं नाही, उलट जास्तीची शिलाई मारून मजबूत केलं" हा युक्तिवाद इथे चालत नाही. जास्तीची शिलाईसुद्धा बदलच असतो. जाड पट्ट्यातून गेलेली प्रत्येक सुई काही तंतू कापत जाते. चुकीच्या जागी शिलाईची रांग मारली तर पट्टा नेमका तिथेच फाटू शकतो.

दुरुस्ती वेगळी, बदल वेगळा

नियमांमध्ये कामाचे मुख्यतः तीन प्रकार केलेले आहेत.

पहिली देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती. झिजलेली वस्तू तशाच नव्या वस्तूने बदलणं, छोट्या फाटलेल्या जागेला ठरलेल्या पद्धतीने ठिगळ लावणं, हे यात येतं.

दुसरी मोठी दुरुस्ती. चुकली तर पॅराशूटच्या सुरक्षिततेवर थेट परिणाम होईल अशी. हार्नेसचा पट्टा बदलणं हे सोपं उदाहरण. या दोन्ही प्रकारांत वस्तू मूळ रूपात परत आणायची असते.

तिसरा प्रकार म्हणजे बदल. यात वस्तू मूळ रूपापेक्षा वेगळी होते. हार्नेसचं माप बदलणं, नवा खिसा शिवणं, वेगळ्या प्रकारचं हँडल बसवणं, ज्या कंटेनरला एएडीची सोय नाही त्यात ती करून घेणं, हे सगळं बदलात मोडतं. हेतू चांगला असो वा वाईट, नियमाला फरक पडत नाही.

मग हात लावायचा अधिकार कुणाला?

इथे रिगर नावाचा माणूस येतो. रिगर म्हणजे पॅराशूट घडी घालणारा, तपासणारा आणि शिवणारा परवानाधारक कारागीर. अमेरिकेत त्याच्या दोन पायऱ्या आहेत.

सीनियर रिगर व्हायला वय किमान १८ लागतं. ज्या प्रकारच्या पॅराशूटचा परवाना हवा आहे, त्या प्रकारची किमान २० पॅराशूट देखरेखीखाली पॅक केलेली असावी लागतात, शिवाय लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. तो पॅराशूट पॅक करू शकतो, देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती करू शकतो. मोठी दुरुस्ती आणि बदल त्याच्या हद्दीबाहेर.

मास्टर रिगरला किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो आणि दोन प्रकारांतली प्रत्येकी किमान १०० पॅराशूट पॅक केलेली लागतात. मोठी दुरुस्ती आणि बदल तो करू शकतो.

पण इथे एक मोठा "पण" आहे. मास्टर रिगरलाही मनाला येईल तो बदल करता येत नाही. कंपनीने किंवा एफएएने मान्य केलेली पद्धत सोडून काम करायला परवानाधारक रिगरलाही नियमाने मनाई आहे. म्हणजे हात त्याचा, पण आराखडा मंजूर झालेला हवा.

याच नियमावलीत आणखी दोन साधी कलमं आहेत. पूर्ण वाळवलेलं आणि हवा दिलेलं नसेल असं पॅराशूट पॅक करायचं नाही. आणि आणीबाणीत वापरायला सुरक्षित नाही असं दिसलं तर ते पॅक करायचंच नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

काम झालं की रिगर रिझर्व्हसोबतच्या कार्डावर तारीख, केलेलं काम, आपला परवाना क्रमांक लिहून सही करतो. मग रिझर्व्हच्या पिनवर बारीक दोरा बांधून शिशाचं छोटं सील दाबतो. त्यावर त्याला दिलेली खूण उमटते. दोरा मुद्दाम कच्चा असतो, म्हणजे हँडल ओढल्यावर लगेच तुटावा. सील तुटलेलं दिसलं याचा अर्थ रिगरनंतर कुणीतरी हात लावलेला आहे. अशी रिग पुन्हा रिगरकडे जाते.

मेनला सूट, रिझर्व्हला नाही

अनेकांना इथेच प्रश्न पडतो. स्कायडायव्हर तर मैदानावर बसून स्वतःचं पॅराशूट स्वतःच घडी घालताना दिसतात. दोऱ्या बदलतात, नवी छत्री लावतात. ते कसं चालतं?

ते मेन असतं. पुढची उडी जो मारणार आहे त्याने स्वतः मेन पॅक केलं तर नियमाला चालतं. मेनच्या छत्रीला टीएसओ प्रमाणपत्राची सक्तीही नाही. रिगरला सील, नोंदी वगैरे ज्या कडक अटी पाळाव्या लागतात, त्यातूनही मेनचं काम वगळलेलं आहे. मेनचा बदल करणारा माणूस तज्ज्ञ असावा लागतो, पण प्रत्येक बदल सरकारी मंजुरीला पाठवावा लागत नाही.

यामागचा हिशेब सरळ आहे. मेन फसलं तर रिझर्व्ह आहे. रिझर्व्ह फसलं तर काहीच नाही. म्हणून प्रयोगाला जागा मेनमध्ये ठेवली आणि सगळी कडकपणाची भिंत रिझर्व्हभोवती उभी केली. वेगवेगळ्या आकाराच्या, वेगवान, अचूक उतरणाऱ्या छत्र्या इतक्या झपाट्याने सुधारत गेल्या, त्यात या मोकळिकीचा वाटा आहे.

या सुटीला दोन मर्यादा आहेत. एक, मेनमधल्या कोणत्याही बदलाचा रिझर्व्हच्या कामात अडथळा येता कामा नये. दोन, मेनची छत्री मोकळी असली तरी ती ज्या कप्प्यात बसते तो कप्पा प्रमाणित कंटेनरचा भाग असतो. "मेनची नवी छत्री मोठी आहे, मग कप्पा उसवून जरा मोठा करू", हे मेनच्या सुटीत बसत नाही.

रिझर्व्हची मुदतही ठरलेली आहे. नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्याचं रिझर्व्ह उडीच्या आधीच्या १८० दिवसांत रिगरने पॅक केलेलं असावं लागतं. आधी ही मुदत १२० दिवसांची होती, २००८ च्या शेवटी ती वाढवली गेली. रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याला मात्र ६० दिवसच. म्हणजे नियम दगडावरची रेघ नाही. पुरेसा अनुभव जमा झाला की तो बदलतो. फक्त तो बदल एकट्यादुकट्याने घरच्या शिलाई मशीनवर करायचा नसतो.

छोटा बदल, मोठी गडबड

कागदावर हे सगळं जरा अति वाटतं. काही उदाहरणं पाहिली की ते अति का नाही, ते कळतं.

कप्पा बंद करणारी दोरी. कंटेनरचे पदर एका छोट्या दोरीच्या फासात पिन अडकवून बंद होतात. मेनची ही दोरी झिजते आणि उडी मारणारे ती सर्रास बदलतात. पण लांब झाली तर कप्पा ढिला राहतो आणि विमानाच्या दारातच पिन निघू शकते. रिझर्व्हच्या दोरीचं तर विचारूच नका. ती आखूड झाली तर हँडल ओढायला जोर जास्त लागतो. एएडी असेल तर त्याच्या कटरला कापता येईल अशीच, कंपनीने सांगितलेली दोरी लागते. "जास्त टिकेल" म्हणून कुणी जाड दोरी घातली, तर शेवटच्या चार सेकंदांत भरवसा असलेलं यंत्रच निकामी होऊ शकतं.

तीन कड्या. मेन सोडून देण्यासाठी खांद्यावर एकात एक अडकलेल्या तीन धातूच्या कड्या असतात. बिल बूथ या अमेरिकी स्कायडायव्हरने १९७० च्या दशकात ही युक्ती काढली. मोठ्या कडीवर माणसाचा सगळा भार येतो, पण पुढच्या प्रत्येक कडीवर तो कितीतरी पटींनी कमी होत जातो. शेवटी तो भार एक बारीक दोरीचा फास सहज पेलतो. ही किमया कड्यांच्या मापावर आणि अंतरावर चालते. पट्टा पुन्हा शिवताना कडी थोडी वर-खाली गेली तरी भाराचं गणित बिघडतं आणि हँडल ओढायला लागणारा जोर वाढतो. नुसत्या डोळ्यांना त्यात काही चुकल्याचं दिसणारही नाही.

हँडल. शीतल महाजन यांनी आयुष्यातली पहिलीच उडी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर मारली. तापमान उणे ३७ अंशांच्या आसपास होतं. अशा थंडीत जाड हातमोज्यांनी हँडल पकडणं सोपं नसतं. कुणालाही वाटेल की मोठं हँडल शिवून घ्यावं. पण रिझर्व्हचं हँडल प्रमाणित भाग आहे. कंपनीने मान्य केलेलं दुसरं हँडल रिगरकडून बसवून घेता येतं, घरी बनवलेलं नाही. हँडल मोठं झालं की ते वाऱ्यात फडफडून आपोआप निघण्याचा किंवा सोबतच्या माणसाच्या हातात अडकण्याचा धोका वाढतो.

रंग, डाग आणि धुलाई. १९८० च्या दशकात अमेरिकेत गोल रिझर्व्ह छत्र्यांबाबत एक प्रकरण गाजलं. छत्रीच्या काठाजवळ जी जाळी वापरली होती, तिच्यातल्या आम्लाच्या अंशामुळे शेजारचं नायलॉनचं कापड कमकुवत होत होतं. बाहेरून छत्री नवीकोरी दिसायची. मग रिगरांनी आम्ल दाखवणारा रंगद्रव्याचा थेंब टाकून जाळी तपासणं, आम्ल मारण्यासाठी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ती धुणं आणि कापडाला चिमटे लावून ठरलेल्या जोराने ओढून पाहणं, अशी पद्धत रूढ झाली. ही तर कारखान्यात झालेली चूक. म्हणून पॅराशूटवर मार्करने नाव लिहिणं, रंग मारणं किंवा साबणाने खसाखसा धुणं या गोष्टी निरुपद्रवी मानल्या जात नाहीत.

नक्षी आणि लोगो. बॅगेवर आपलं नाव किंवा झेंडा भरतकाम करून हवा असतो. बहुतेक कंपन्या ते करून देतात, पण बॅग शिवण्याआधी, सुट्या कापडावर. तयार बॅगेवर बाहेर भरतकाम करून घ्यायचं म्हणजे भार पेलणाऱ्या पट्ट्यांतून सुई जाण्याची शक्यता.

बदल करायचाच असेल तर?

दार बंद नाही. फक्त रस्ता ठरलेला आहे.

आधी कंपनीला विचारायचं. बऱ्याचदा हवी ती गोष्ट कंपनीकडे आधीच मंजूर झालेली असते आणि कोणत्या रिगरने ती कशी बसवायची याच्या लेखी सूचना असतात. मग नव्या मंजुरीची गरज पडत नाही.

कंपनीकडे तशी सोय नसेल तर मास्टर रिगर बदलाचा आराखडा तयार करतो, तो एफएएच्या स्थानिक कार्यालयातल्या निरीक्षकासमोर ठेवतो, गरज असेल तर चाचण्यांचे निकाल जोडतो. मंजुरी मिळाली की त्याच पद्धतीने काम करून नोंद करायची.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकत्र लावणं हा मात्र नेहमीच बदल धरला जात नाही. एका कंपनीचा कंटेनर आणि दुसरीचं रिझर्व्ह चालतं. अट अशी की दोन्ही प्रमाणित असावेत, एकमेकांना अडथळा करू नयेत आणि छत्री उघडताना बसणारा झटका हार्नेसला पेलला पाहिजे. वजनाची मर्यादा दोन्हींपैकी जी कमी ती धरायची.

अनुभवी लोक म्हणूनच बदलापेक्षा निवडीवर भर देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये शीतल महाजन यांनी एव्हरेस्टसमोर सुमारे २१,५०० फुटांवरून हेलिकॉप्टरमधून उडी मारली आणि १७,५०० फुटांच्या आसपास असलेल्या काला पत्थरला उतरल्या. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, त्यामुळे तीच छत्री जास्त वेगाने खाली येते. अशा ठिकाणी असलेल्या छत्रीत कापड जोडत नाहीत. मोठी छत्री आणि ती मावेल असा कंटेनर निवडतात.

मग साडी, टोपी, कॅमेरा यांचं काय?

कपडे पॅराशूटचा भाग नाहीत. म्हणून नऊवारी हा नियमाच्या भाषेत बदल नव्हता. पण कपड्याने एक काम करायचं नसतं, ते म्हणजे पॅराशूटच्या वाटेत येणं.

सुटा पदर हँडलवर आला तर ते सापडणार नाही. मागे उडालेला काठ पायलट शूटमध्ये गुंतू शकतो. म्हणून काष्ट्याची नऊवारी या कामाला पाचवारीपेक्षा सोयीची. पाय मोकळे राहतात, मांडीचे पट्टे नीट बसतात आणि कापड हार्नेसखाली दाबून धरता येतं. तरी हे काम शेकडो उड्यांचा अनुभव असलेल्यांचं. पहिल्याच उडीला "फोटोसाठी शेला घेऊ का?" असं विचारणाऱ्याला केंद्रावरून नकारच मिळेल, आणि तो बरोबर आहे.

कॅमेऱ्याचंही तसंच. हेल्मेटवर लावलेला कॅमेरा रिगमधला बदल नाही, पण छत्रीच्या दोऱ्या त्यात अडकू शकतात. म्हणून अमेरिकी संघटना किमान २०० उड्या झाल्याशिवाय कॅमेरा लावू नका असा सल्ला देते. तोच कॅमेरा हार्नेसच्या पट्ट्याला पट्टी शिवून लावायचा म्हटला, की तो बदल झाला.

भारतात कोणता नियम चालतो?

भारतात विमानातून पॅराशूटने उतरायचं असेल, तर आणीबाणी सोडून, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची म्हणजे डीजीसीएची परवानगी लागते. १९३७ च्या विमान नियमांपासून हे चालत आलेलं आहे. १९३४ च्या मूळ कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४ ने घेतली आहे, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला.

जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण आणलं. त्यात ११ हवाई खेळ आहेत आणि स्कायडायव्हिंग त्यातलं एक. सेवा देणाऱ्यांनी आणि त्यांच्या सामानाने त्या त्या खेळाच्या संघटनेकडे नोंदणी करायची आणि सामान, जागा, प्रशिक्षक यांचे सुरक्षेचे निकष संघटनेने ठरवायचे, अशी ही रचना आहे.

हौशी खेळातलं सामान मात्र मुख्यतः परदेशी कंपन्यांचं असतं. त्यामुळे कुठल्याही देशात उडी मारली तरी त्या रिगच्या कंपनीचं पुस्तक सोबत येतंच. रिझर्व्ह कसं पॅक करायचं, काय बदलायचं आणि काय नाही, हे त्यात लिहिलेलं असतं.

मग मनोरीच्या किनाऱ्यावर उतरता येईल का? समुद्रकिनारा मोकळा दिसतो, म्हणून हा प्रश्न रील्सखाली नेहमी दिसतो. अडचण वाळूची नाही, वरच्या आकाशाची आहे. मनोरी, गोराई, मढ हा पट्टा मुंबई विमानतळाच्या जवळ आहे आणि जुहूचं विमानतळही दूर नाही. सतत विमानांची ये-जा असलेल्या हवाई हद्दीत हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडी मारणं हा थेट गुन्हा ठरू शकतो. शिवाय पाण्याजवळ उतरायचं तर तरंगायला मदत करणारं जॅकेट हवं, आणि तेही हार्नेसच्या हँडलच्या आड येणार नाही असं.

किनाऱ्यावर बोटीमागे दोरीने ओढत नेतात ते पॅरासेलिंग. त्यालाही पॅराशूट म्हणतात, पण ती वेगळी वस्तू आहे. तिथे रिझर्व्ह नसतं आणि वर दिलेले रिझर्व्हचे नियम त्याला लागू होत नाहीत. तिथे दोरी, बोट, वारा आणि चालवणारा यांच्यावर सगळं अवलंबून असतं.

पहिली उडी मारणाऱ्याने काय पाहावं?

बहुतेक जण टँडम उडी मारतात, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून. शिक्षण किंवा नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली कितीतरी मराठी मुलं हीच उडी मारतात. तिथल्या नियमानुसार टँडमच्या रिझर्व्हला एएडी असणं सक्तीचं आहे. प्रशिक्षकाला किमान ३ वर्षांचा अनुभव आणि किमान ५०० उड्या लागतात, शिवाय त्या विशिष्ट सामानाचं प्रशिक्षणही.

उडीआधी चार गोष्टी विचारायला लाजू नये.

१. रिझर्व्ह शेवटचं कधी पॅक झालं? कार्डावर तारीख आणि सही असते.

२. एएडी आहे का आणि ते चालू आहे का? कंपनीने ठरवलेली तपासणी झाली आहे का?

३. प्रशिक्षकाकडे याच प्रकारच्या टँडम सामानाचं प्रमाणपत्र आहे का?

४. रिगवर चिकटपट्टी, हाताने घातलेले टाके, वेगळ्या रंगाचा दोरा किंवा लोंबकळणारे पट्टे दिसतात का? दिसले तर ते काय आहे हे विचारा. त्यामागे रीतसर दुरुस्ती असेल तर सांगणाऱ्याला सांगायला अडचण नसते.

चांगल्या केंद्रावर या प्रश्नांचा कुणाला राग येत नाही. उलट कार्ड काढून दाखवलं जातं. "एवढं काय त्यात, आम्ही रोज उड्या मारतो" असं उत्तर मिळालं तर पैसे परत मागून घरी येण्यात कमीपणा नाही.

थोडक्यात काय, तर प्रमाणित रिझर्व्ह आणि हार्नेस हे बाकी खरेदीसारखं "माझं आहे, मी हवं ते करीन" अशा मालकीचं सामान नसतं. आज एकाने शिवलेला टाका उद्या ती रिग सेकंडहँड विकत घेणाऱ्याच्या पाठीवर असतो, आणि त्याला तो टाका दिसेलच असं नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त कार्ड, सही आणि शिशाचं छोटं सील. त्या तिघांवर विश्वास ठेवता यावा, यासाठीच हा सगळा खटाटोप.